जिंकण्याआधीच जिंकलेला संघ

दोन लाख माणसे एका जागी जमली आहेत आणि टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता पसरली आहे, असे कधी घडेल काय? एकदा घडले आहे. १६ जुलै १९५० च्या रविवारी, ब्राझीलमधील रिओ दी जानेरो शहराच्या माराकाना स्टेडियमवर.

त्या दिवशी विश्वचषक फुटबॉल स्पर्धेचा शेवटचा सामना होता. एका बाजूला यजमान ब्राझील, दुसऱ्या बाजूला शेजारचा चिमुकला उरुग्वे. तिकीट काढून आत आलेल्यांची अधिकृत संख्याच १ लाख ७३ हजार ८५० होती. बिनतिकिटाचे आणि निमंत्रित धरले, तर आकडा दोन लाखांच्या घरात जातो असे म्हणतात. सामन्याची ११ मिनिटे उरली असताना उरुग्वेचा उजव्या बगलेवरचा खेळाडू आल्सिदेस घिज्जा चेंडू घेऊन पळत आला आणि त्याने गोलरक्षक व खांब यांच्यामधल्या चिंचोळ्या फटीतून चेंडू जाळ्यात मारला. उरुग्वे २, ब्राझील १. माराकानावर स्मशानशांतता पसरली. पुढे म्हातारपणी घिज्जा गमतीने सांगत असे की, माराकानाला गप्प करणारी माणसे तीनच: गायक फ्रँक सिनात्रा, पोप आणि मी!

ब्राझील त्या दिवशी केवळ एक सामना हरला नाही. सामना सुरू होण्याआधीच त्याने जो विजय साजरा करून टाकला होता, तो हरला. बाजारात तुरी असताना घरात वरणाला फोडणी घालण्याचा हा प्रकार होता आणि त्यात एक अख्खा देश सामील होता. हुकमी मानल्या गेलेल्या संघाला प्रतिस्पर्ध्यापेक्षा फाजील आत्मविश्वासाचे भय अधिक कसे असते, हे समजून घ्यायला याहून बोलके उदाहरण फुटबॉलच्या इतिहासात नाही.

सारे कसे ठरल्यासारखे

दुसऱ्या महायुद्धामुळे १९३८ नंतर विश्वचषक झाला नव्हता. युरोप अजून युद्धाच्या राखेतून उठत होता. अशा वेळी ब्राझीलने यजमानपद स्वीकारले आणि त्यासाठी माराकाना उभारले. बांधकाम १९४८ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाले आणि स्पर्धेच्या जेमतेम आठवडाभर आधी स्टेडियमचे उद्घाटन झाले, तेव्हाही काम पुरते संपले नव्हते. पण या देशाला जगाला दाखवून द्यायचे होते की, आम्हीही काही करू शकतो. तेव्हा हा चषक हा ब्राझीलसाठी नुसता खेळ नव्हता, तो इभ्रतीचा प्रश्न होता.

या स्पर्धेत एक नाव आपलेही होते, हे अनेकांना ठाऊक नसते. भारत पात्र ठरला होता आणि इटली, स्वीडन व पॅराग्वे यांच्या गटात त्याचे नाव पडले होते. पण भारताने आयत्या वेळी माघार घेतली. अनवाणी खेळायला परवानगी नाही म्हणून आपण गेलो नाही, ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. मात्र त्या काळचे आपले नामवंत खेळाडू शैलेन मन्ना यांनी पुढे ती खोडून काढली होती. सरावाला वेळ नाही आणि संघनिवडीत एकमत नाही, अशी कारणे त्या वेळी महासंघाने दिली होती. शिवाय त्या दिवसांत आपल्याकडे विश्वचषकापेक्षा ऑलिंपिकचे महत्त्व मोठे मानले जाई. इतरही काही देश गळाले आणि अखेर १३ संघच मैदानात उतरले.

या स्पर्धेला आजच्यासारखा अंतिम सामना नव्हता. चार गटांतील विजेत्यांनी आपसांत साखळी सामने खेळायचे आणि ज्याचे गुण जास्त तो जगज्जेता, अशी पद्धत होती. विजयाला दोन गुण, बरोबरीला एक. ब्राझील, उरुग्वे, स्पेन आणि स्वीडन हे ते चार संघ. ब्राझीलने स्वीडनला ७-१ असे धुतले आणि चारच दिवसांनी स्पेनचा ६-१ असा फडशा पाडला. स्पेनविरुद्धच्या सामन्यात तर प्रेक्षक कार्निव्हलचे गाणे एका सुरात गात होते. आदेमीर, झिझिन्यो आणि जाइर या आघाडीच्या त्रिकुटाला कोण आवरणार, हाच प्रश्न होता. पाच सामन्यांत ब्राझीलच्या नावावर २१ गोल लागले होते.

उलट उरुग्वेची स्थिती बेताची. स्पेनशी २-२ अशी बरोबरी आणि स्वीडनवर ३-२ असा कसाबसा विजय. म्हणजे शेवटच्या सामन्याआधी ब्राझीलचे चार गुण आणि उरुग्वेचे तीन. ब्राझीलला जिंकायचीही गरज नव्हती. बरोबरी झाली तरी चषक त्यांचाच होता.

आदल्या दिवशीचा विजय

मग जे सुरू झाले, ते गुडघ्याला बाशिंग बांधण्यासारखेच होते. रिओच्या एका वृत्तपत्राने ब्राझीलच्या संघाचे छायाचित्र सामन्याच्या आधीच छापून टाकले आणि खाली लिहिले, हेच ते जगज्जेते! विजयाचे गाणे रचून तयार होते. खेळाडूंची नावे कोरलेली २२ सुवर्णपदकेही घडवून ठेवली होती, असे सांगतात. जागतिक फुटबॉल महासंघाचे वृद्ध अध्यक्ष ज्यूल रिमे यांनी चषकप्रदानाचे भाषण पोर्तुगीज भाषेत लिहून खिशात ठेवले होते. उरुग्वेची भाषा स्पॅनिश. म्हणजे भाषण कोणासाठी होते हे वेगळे सांगायला नकोच!

शहराबाहेर निवांत जागी असलेला संघाचा मुक्काम हलवून तो भर वस्तीतल्या एका क्लबच्या स्टेडियममध्ये आणला गेला. तिथे राजकारणी, पत्रकार, हौशे, नवशे आणि गवशे यांची रीघ लागली. निवडणुकीचे वर्ष होते. होऊ घातलेल्या जगज्जेत्यांच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढून घ्यायला कोणाला नको होते? खेळाडूंना धड जेवायला आणि विश्रांती घ्यायलाही उसंत मिळेना. सामना सुरू होण्यापूर्वी रिओच्या नगराध्यक्षांनी तर भर मैदानात ध्वनिक्षेपकावरून, काही तासांतच जगज्जेते होणाऱ्या वीरांना, आधीच मानवंदना देऊन टाकली.

या सगळ्या गोंगाटात एक माणूस मात्र अस्वस्थ होता आणि तो होता खुद्द ब्राझीलचा प्रशिक्षक फ्लाव्हियो कोस्ता. उरुग्वेचा संघ आपल्या खेळाडूंची झोप नेहमीच उडवत आला आहे, हे तो जाणून होता. विजेत्यांचे बोधचिन्ह जणू अंगावर शिवूनच आपली मुले रविवारी मैदानात उतरतील, अशी भीती त्याने बोलून दाखवली होती. पण वरातीत नाचणाऱ्यांना घरातल्या वडीलधाऱ्याचे बोलणे ऐकू येत नाही, तसेच झाले.

आणि कोस्ताची भीती निराधार नव्हती. अवघ्या दहा आठवड्यांपूर्वी, मे १९५० मध्ये, हेच दोन संघ तीन सामन्यांच्या मालिकेत भिडले होते. त्यातला पहिला सामना उरुग्वेने ब्राझीलमध्येच ४-३ असा जिंकला होता. उरलेले दोन ब्राझीलने जिंकले खरे, पण ३-२ आणि १-० असे निसटते. याच विश्वचषकात दुबळ्या मानल्या गेलेल्या स्वित्झर्लंडने ब्राझीलला २-२ असे रोखले होते. शिवाय उरुग्वे काही नवखा नव्हता. १९२४ आणि १९२८ ची ऑलिंपिक सुवर्णपदके आणि १९३० चा पहिला विश्वचषक त्यांच्या खात्यात जमा होता. हे सारे कोणापासून लपलेले नव्हते. पण ७-१ आणि ६-१ या आकड्यांच्या झगमगाटात ४-३ आणि २-२ हे आकडे कोणाला दिसेनासे झाले. फाजील आत्मविश्वास डोळे फोडत नाही. नको ते दिसू नये एवढीच सोय तो करतो.

पलीकडची बाजू

आता उरुग्वेच्या तंबूत काय चालले होते ते पाहू. त्यांच्याच काही अधिकाऱ्यांनी खेळाडूंना सांगितले होते की, इथवर आलात हेच खूप झाले, आता फार गोल खाऊन लाज घालवू नका म्हणजे झाले. पण कर्णधार ओब्दुलिओ व्हारेला वेगळ्याच मुशीतला होता. जगज्जेत्यांचे छायाचित्र छापलेल्या त्या वृत्तपत्राचे अंक त्याने स्वच्छतागृहात अंथरले आणि सहकाऱ्यांना त्यांचा यथोचित ‘सन्मान’ करायला सांगितले, असा किस्सा प्रसिद्ध आहे.

प्रशिक्षक हुआन लोपेझ यांनी बचावात्मक खेळण्याचा सल्ला दिला. ते खोलीबाहेर गेल्यावर व्हारेला उठला. लोपेझ भला माणूस आहे, पण आज त्याचे ऐकले तर आपलीही गत स्पेन आणि स्वीडनसारखीच होईल, असे त्याने खेळाडूंना बजावले. बाहेर बसलेली माणसे खेळत नसतात, तेव्हा मैदानात जाताना वर गॅलरीकडे बघू नका, असेही तो म्हणाला. दोन लाखांना अकराच्या हिशेबातून वजा करून टाकणारे हे गणित होते.

मध्यंतरापर्यंत दोन्ही बाजूंचा गोलफलक कोराच राहिला. ब्राझीलने हल्ल्यामागून हल्ले केले, पण उरुग्वेची बचावफळी ढळली नाही. मध्यंतरानंतर दुसऱ्याच मिनिटाला फ्रियासाने गोल केला आणि स्टेडियमवर फटाक्यांचा आणि घोषणांचा कल्लोळ उसळला.

याच क्षणी व्हारेलाने जे केले, ते त्या सामन्याचे मर्म आहे. त्याने जाळ्यातला चेंडू उचलला, काखेत घेतला आणि सावकाश पावले टाकत रेषापंचाकडे निघाला. हा गोल ऑफसाइड होता, असा वाद त्याने सुरू केला. मग इंग्लिश पंच जॉर्ज रीडर यांच्याशी बोलायला त्याने दुभाषा मागितला. गोल रद्द होणार नाही हे त्यालाही कळत होते. त्याला गोल नको होता, त्याला वेळ हवा होता. प्रेक्षक शिव्या घालू लागले, ओरडू लागले आणि ओरडता ओरडता जल्लोषाचा भर ओसरला. चेंडू पुन्हा मधोमध ठेवला गेला तेव्हा वातावरण निवले होते आणि उरुग्वेच्या खेळाडूंच्या छातीतली धडधडही.

ती तेरा मिनिटे

सहासष्टाव्या मिनिटाला घिज्जाने उजव्या बगलेवरून ब्राझीलचा बचावपटू बिगोदेला मागे टाकले आणि चेंडू गोलपुढे दिला. हुआन स्कियाफिनोने तो जाळ्यात धाडला. १-१.

इथे क्षणभर थांबू या. बरोबरी झाली होती, पण जगज्जेता अजूनही ब्राझीलच होता! गोलफलक तसाच राहिला असता, तरी चषक त्यांच्याच हाती येणार होता. नुसते डोके शांत ठेवून बचाव आवळायचा होता. पण झाले भलतेच. गॅलरी गप्प झाली आणि त्या शांततेने खेळाडूंचे पाय जड झाले. ज्यांच्या मनात हरण्याचा विचारच कधी शिरला नव्हता, त्यांच्या मनात आता दुसरा विचारच येईना. फाजील आत्मविश्वासाचे हे दुसरे रूप फार थोड्यांच्या ध्यानात येते. तो हळूहळू कमी होत नाही. फुटतो तेव्हा एकदम फुटतो आणि त्याच्या जागी भीती येऊन बसते. मधली पायरी त्याने ठेवलेलीच नसते.

७९ व्या मिनिटाला घिज्जा पुन्हा त्याच वाटेने आला. पुन्हा बिगोदे मागे पडला. गोलरक्षक मोआसिर बार्बोसाला पहिला गोल आठवत होता. घिज्जा मागच्यासारखाच चेंडू मध्ये देणार, या अंदाजाने तो खांबापासून किंचित पुढे सरकला. कोणत्याही शहाण्या गोलरक्षकाने तेच केले असते. घिज्जाने ती फट पाहिली आणि थेट तिथेच चेंडू मारला.

गुणफलक १-१ असताना रिमे चषकप्रदानाच्या तयारीसाठी आपल्या आसनावरून उठून खाली निघाले होते. स्टेडियमच्या पोटातले मार्ग पार करून ते मैदानाशी पोहोचले, तेव्हा त्यांना गलका ऐकू येईना. सामना संपला होता. मानवंदना नाही, राष्ट्रगीत नाही, भाषण नाही. गर्दीच्या रेट्यात चषक हातात धरून ते उभे होते. शेवटी त्यांनी व्हारेलाला शोधून काढले आणि जवळजवळ चोरून दिल्यासारखा चषक त्याच्या हाती दिला. पोर्तुगीज भाषण खिशातच राहिले.

त्या रात्री व्हारेला रिओच्या एका मद्यालयात जाऊन बसला. आजूबाजूला माणसे ढसाढसा रडत होती. आपण या साध्या माणसांचे केवढे सुख हिरावून घेतले, या विचाराने त्याचेच मन खिन्न झाले, असे त्याने पुढे सांगितले. जिंकणाऱ्याच्या मनाचा हा मोठेपणा विसरण्याजोगा नाही.

पन्नास वर्षांची शिक्षा

आता या कथेतला सर्वांत कडू भाग. जिंकण्याआधी नाचले कोण? वृत्तपत्रे, पुढारी, अधिकारी, प्रेक्षक. मग हरल्यावर किंमत कोणी मोजली? एका गोलरक्षकाने.

बार्बोसा त्या काळातील उत्तम गोलरक्षकांपैकी एक होता. वास्को द गामा या क्लबसाठी त्याने अनेक विजेतेपदे मिळवली होती. पण त्या एका गोलानंतर देशाच्या लेखी तो अपराधी ठरला. त्याच्यासोबत बिगोदे आणि जुव्हेनाल या बचावपटूंवरही खापर फुटले. हे तिघेही कृष्णवर्णीय होते, हा निव्वळ योगायोग नव्हता. ब्राझीलच्या समाजातील जुना वर्णद्वेष या पराभवाच्या निमित्ताने पुन्हा वर आला आणि काळा गोलरक्षक भरवशाचा नसतो, असा एक दुष्ट समज वर्षानुवर्षे पसरत राहिला.

राष्ट्रीय संघाचे दरवाजे बार्बोसाला जवळजवळ बंदच झाले. निवृत्तीनंतर त्याने पोटासाठी त्याच माराकाना स्टेडियमच्या व्यवस्थापनात नोकरी केली. रोज त्याच मैदानावर जायचे, त्याच गोलकडे पाहायचे! स्टेडियमवरचे जुने लाकडी खांब बदलले, तेव्हा ते त्याला देण्यात आले आणि त्याने ते घरी नेऊन जाळले, अशी एक आख्यायिका आहे. त्या पराभवाला वीस वर्षे होऊन गेल्यावर एका दुकानात एका बाईने आपल्या लहान मुलाला त्याच्याकडे बोट दाखवून सांगितले की, याच माणसाने सगळ्या ब्राझीलला रडवले. ही आठवण त्याने स्वतःच सांगितली आहे. १९९४ च्या विश्वचषकाच्या सुमारास तो राष्ट्रीय संघाच्या सराव शिबिरात खेळाडूंना शुभेच्छा द्यायला गेला, तर अपशकुन नको म्हणून त्याला परतवले गेले.

ब्राझीलच्या कायद्यात मोठ्यात मोठी शिक्षा तीस वर्षांची आहे, मी मात्र पन्नास वर्षे भोगतो आहे, असे तो अखेरच्या दिवसांत म्हणाला. ७ एप्रिल २००० रोजी त्याचे निधन झाले. ज्या घिज्जाने तो गोल मारला, त्याच्या पावलांचे ठसे मात्र डिसेंबर २००९ मध्ये माराकाना स्टेडियमने सन्मानाने जपून ठेवले. घिज्जा गेला तो १६ जुलै २०१५ रोजी, बरोबर त्याच तारखेला, ६५ वर्षांनी. त्या सामन्यात खेळलेल्यांपैकी तोच शेवटचा उरला होता. शत्रूला क्षमा मिळाली, घरच्याला मिळाली नाही.

ब्राझील एकटा नाही

हुकमी संघ घसरल्याची उदाहरणे पुढेही घडत राहिली. १९५४ मध्ये हंगेरीचा संघ चार वर्षे अपराजित होता. त्याने इंग्लंडला वेम्बलीवर ६-३ आणि बुडापेस्टमध्ये ७-१ असे लोळवले होते. विश्वचषकाच्या गटात पश्चिम जर्मनीला तर ८-३ असे हरवले. अंतिम सामन्यात पुन्हा जर्मनीच समोर आला आणि आठ मिनिटांत हंगेरी २-० ने पुढे होता. तरीही जर्मनीने ३-२ अशी बाजी मारली. ८-३ च्या सामन्यात जर्मन प्रशिक्षक सेप हेर्बर्गर यांनी आपले अनेक मुख्य खेळाडू राखून ठेवले होते. तो आकडा ताकदीचा मापक नव्हताच, पण ज्याने तो पाहिला त्याला तो तसाच वाटला. अर्थात कर्णधार पुश्काशचा दुखावलेला घोटा आणि बर्नमधला पाऊस यांचाही त्या निकालात वाटा होता.

२००२ मध्ये फ्रान्स जगज्जेताही होता आणि युरोप विजेताही. आंरी, त्रेझेगे आणि सिसे या त्याच्या तीन आघाडीपटूंनी त्या मोसमात इंग्लंड, इटली आणि फ्रान्सच्या साखळीत सर्वाधिक गोल करणाऱ्यांत स्थान मिळवले होते. पहिल्याच सामन्यात नवख्या सेनेगलने त्यांना १-० असे हरवले आणि जगज्जेते एकही गोल न करता पहिल्या फेरीतूनच घरी परतले. झिदान जखमी होता हे खरे. पण एका माणसाच्या दुखापतीने सारे कोसळते, तेव्हा त्याच्याविना काय करायचे हा विचार पुरेसा झाला होता का, हा प्रश्न उरतोच. २०१४ मध्ये तर ब्राझीलने पुन्हा आपल्याच घरी, उपांत्य सामन्यात जर्मनीकडून ७-१ असा मार खाल्ला. त्या वेळी काही जुन्या माणसांना बार्बोसाची आठवण झाली असेल, तर नवल नाही.

फुटबॉल दूरचा वाटत असेल, तर क्रिकेटकडे पाहा. १९७५ आणि १९७९ चे जगज्जेते वेस्ट इंडीज १९८३ च्या अंतिम सामन्यात भारताला १८३ धावांत गुंडाळून निर्धास्त झाले आणि स्वतः १४० धावांत कोसळले. तो दिवस आपण आजही सणासारखा आठवतो. पण चित्राची दुसरी बाजूही आपण पाहिली आहे. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी, सलग दहा सामने जिंकून आलेला भारत अहमदाबादला अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाकडून सहा गड्यांनी हरला. आपल्या खेळाडूंना घमेंड झाली होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण आदल्या रात्री विजयाचे बेत आखले नव्हते, असे किती घरांना म्हणता येईल? त्या संध्याकाळी स्टेडियममध्ये जी शांतता पसरली, ती माराकानाच्या शांततेची सख्खी बहीण होती.

आत्मविश्वास कुठे संपतो?

इथे एक प्रामाणिक शंका मनात येते. हरला तर तो फाजील आत्मविश्वास आणि जिंकला तर तोच दुर्दम्य आत्मविश्वास, असे तर आपण निकाल पाहून ठरवत नाही ना? घिज्जाचा तो फटका खांबाला लागून परत आला असता, तर जगज्जेत्यांचे ते छायाचित्र आज संग्रहालयात मानाने लटकले असते. शंका रास्त आहे. म्हणून निकालावरून नव्हे, तर सामन्याआधीच्या वागण्यावरून पारख केली पाहिजे.

अशा तीन खुणा माराकानाच्या कथेत स्पष्ट दिसतात. पहिली, गैरसोयीच्या गोष्टींचा विसर. आत्मविश्वास असलेला माणूस ४-३ चा पराभव आठवतो आणि त्यातून शिकतो. फाजील आत्मविश्वास असलेल्याला फक्त ७-१ आठवते. दुसरी, तयारी कशाची आहे? ब्राझीलकडे विजयाचे गाणे होते, पदके होती, भाषण होते. गोल बसला तर कोणी कोणाला सावरायचे, याचा मात्र विचार झाला नव्हता. तिसरी, आतले कोण आणि बाहेरचे कोण? संघाच्या मुक्कामात जेव्हा बाहेरच्यांचीच गर्दी होते, तेव्हा कष्ट करणारे आणि टाळ्या वाजवणारे यांच्यातली भिंत पडते. खेळाडूला मग आपला खेळ आपल्या डोळ्यांनी दिसत नाही, टाळ्यांच्या आवाजातून तो ऐकू येतो.

या खुणा घराघरांतही शोधता येतील. दहावीचा निकाल लागायच्या आधीच नव्वद टक्के कुठे गेले नाहीत म्हणून पाहुण्यांना सांगणारे वडील, पेढ्यांची ऑर्डर देऊन ठेवणारी मावशी आणि या सगळ्यांमध्ये गप्प बसलेले ते मूल. चुकून निकाल कमी लागला तर पेढे परत जातात, पाहुणे विसरतात. पण ‘आमची मान खाली घातलीस’ हे वाक्य मुलाच्या वाट्याला येते आणि कधी कधी ते बार्बोसासारखे पन्नास वर्षे पुरते. मुलावर विश्वास जरूर ठेवावा. पण त्याच्या विजयाचा जल्लोष त्याच्याआधी आपण करू नये, एवढे भान घरातल्या मोठ्यांनी ठेवायला हवे.

चेंडू काखेत घेऊन

माराकानाच्या पराभवाने ब्राझील खचला, पण पुढे त्यातूनच शिकलाही. तो पांढरा गणवेश अपशकुनी ठरवला गेला. १९५३ मध्ये एका वृत्तपत्राने नव्या गणवेशाची स्पर्धा लावली आणि उरुग्वेच्या सीमेवरच्या गावात वाढलेल्या आल्दिर श्ले या तरुणाची रचना निवडली गेली. आज कोलकात्यापासून केरळ, गोवा आणि कोल्हापूरच्या पेठांपर्यंत जो पिवळा शर्ट पोरे मिरवतात, तो असा पराभवातून जन्मला आहे. गंमत म्हणजे हा श्ले स्वतः उरुग्वेचा चाहता होता!

पण शर्ट बदलून संघ बदलत नाही. खरा बदल झाला तो तयारीत. १९५८ च्या स्वीडनमधील स्पर्धेसाठी ब्राझीलने मुक्कामाची जागा आधीच शोधून ठेवली. डॉक्टर आणि दंतवैद्यांनी खेळाडूंची कसून तपासणी केली. मनाच्या तयारीसाठी मानसशास्त्रज्ञही सोबत होता. त्या संघात १७ वर्षांचा एक पोरगा होता. १९५० मध्ये तो नऊ वर्षांचा होता आणि त्या रविवारी रेडिओशेजारी बसलेल्या आपल्या वडिलांना त्याने प्रथमच रडताना पाहिले होते. बाबा, रडू नका, मी तुमच्यासाठी विश्वचषक जिंकून आणेन, असे त्याने तेव्हा वडिलांना सांगितले होते. त्याचे नाव पेले.

२९ जून १९५८ रोजी स्टॉकहोममध्ये अंतिम सामना सुरू झाला आणि चौथ्याच मिनिटाला यजमान स्वीडनने गोल केला. आठ वर्षांपूर्वीची भुते पुन्हा समोर उभी राहण्याचाच तो क्षण होता. तेव्हा ब्राझीलचा मध्यरक्षक दिदी जाळ्याकडे गेला. त्याने चेंडू घेतला, काखेत धरला आणि घाई न करता, सहकाऱ्यांना धीर देत, एकेक पाऊल टाकीत मैदानाच्या मध्यापर्यंत चालत आला. ब्राझीलने तो सामना ५-२ असा जिंकला. पेलेने दोन गोल केले.

आठ वर्षांपूर्वी माराकानावर असाच चेंडू काखेत घेऊन एक माणूस सावकाश चालत गेला होता. तो व्हारेला होता, प्रतिस्पर्धी होता. या वेळी तशीच चाल ब्राझीलच्या माणसाने चालून दाखवली. आपण हरूही शकतो हे ज्याने आधीच मनाशी मान्य केलेले असते, त्यालाच गोल बसल्यावर असे शांतपणे चालता येते.